न्हाणीत उकळलेला दगड

आपाकाकांनी पहिला दगड घरी आणला, तेव्हा आईने त्यांना पायरीवरच अडवलं. ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळून, तान्हं मूल धरावं तसं छातीशी धरून ते खळ्यात उभे होते आणि गोणपाटातलं पाणी त्यांच्या गुडघ्यांवरून खाली ओघळत होतं. "ह्यां काय आणि?" आईने विचारलं. "जितो फातर," काका म्हणाले. जिवंत दगड. आई एक पाऊल मागे सरली. "जितो आसा तर समुद्रातच रवांदे मगे. घरात नको." काका हसले, खाली बसले आणि त्यांनी गोणपाट उलगडलं. सोललेल्या नारळाएवढा तो दगड जुन्या चिऱ्यासारखा भोकाभोकांचा होता, पण रंगाने जांभळा, मधेच हिरवा, मधेच गंजासारखा. मी वाकून पाहिलं आणि पाहता पाहता त्या भोकांतून काहीतरी आत-बाहेर होताना दिसलं. एका भोकातून केसाएवढे बारीक पाय बाहेर आले, उन्हाचा अंदाज घेतला आणि परत गेले. दगड म्हणजे दगड, तो हलत नाही, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली. मला आठवतं, मी दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.

आमचं घर मालवणजवळ, सर्जेकोटच्या बाजूला, माडांच्या बागेत. बाबा बोटीवर, वर्षातले नऊ-दहा महिने कुठल्यातरी परक्या बंदरात. दादा मुंबईला कंपनीत. घरी आम्ही तिघी बायका, आई, माझी नवी वयनी आणि मी, आणि बाबांचे धाकटे भाऊ आपाकाका. त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्यांची एक लहान होडी होती आणि पाण्याखाली श्वास रोखून राहण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं. मालवणात फिरायला आलेल्या एका मुंबईच्या व्यापाऱ्याने हे पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात हा उद्योग भरवून दिला. मुंबईतले लोक म्हणे दिवाणखान्यात काचेच्या पेटीत खारं पाणी भरून रंगीत मासे ठेवतात. त्या पाण्यात असा दगड ठेवला तर दगडाच्या भोकांत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव पाणी साफ ठेवतात. नुसता दगड चालत नाही, तो जिवंतच हवा. "मुंबयकार घरात समुद्र बसयतत," काका आईला सांगायचे. आई म्हणायची, "समुद्राच्या कडेक रवणाऱ्यांका असले छंद सुचनत नाय ता बरां."

त्या वर्षी मी बारावीला गणितात गेले होते आणि पुन्हा परीक्षेला बसेपर्यंत घरीच होते. त्यामुळे दगडांचं काम माझ्याकडे आलं. विहिरीपलीकडे, माडांच्या सावलीत काकांनी तीन निळे ड्रम मांडले, वर विणलेल्या झावळ्यांचे झाप घातले आणि होडीतून आणलेलं समुद्राचं पाणी त्यांत भरलं. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी ते दगड आणायचे. मी प्रत्येक दगड आधी बादलीतल्या खाऱ्या पाण्यात बुडवून हलवायचा, सैल शेवाळ उपटायचं, स्पंजासारखे लिबलिबीत गोळे नखाने खरवडून काढायचे, कारण तेच आधी कुजतात आणि अख्खा ड्रम घाण करतात. मेलेले शिंपले काढायचे, बांबूच्या काडीने खेकडे हुसकायचे, काळा चिकट थर दात घासायच्या ब्रशने घासायचा. मग दगड ड्रममध्ये. दिवसाआड पाणी बदलायचं, दगड फिरवायचे. व्यापाऱ्याने दिलेला पंप वीज असेपर्यंत बुडबुडायचा. वीज गेली की मी वल्ह्याच्या तुटक्या दांड्याने पाणी ढवळत बसायची. सुरुवातीचे आठ दिवस ड्रमला सडक्या अंड्याचा वास यायचा, तो इतका की आई पदर नाकाला लावून विहिरीवर जायची. मग तो वास हळूहळू ओसरायचा आणि दगडाला नुसता समुद्राचा वास उरायचा. तो तसा झाला की दगड मुंबईला जायला तयार. काकांनी एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा बजावली होती. "गोड्या पाण्याचो थेंब लागता नये. साबण नको, गरम पाणी नको. मेलो तर मेलो, मगे तो नुसतो धोंडो."

आता असा दगड उचलला तर वनखात्याची माणसं दारात येतील, आणि यावीतही. तेव्हा आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. समुद्रातली वस्तू ही माडाच्या झावळीसारखीच, ज्याला मिळेल त्याची, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मला त्या ड्रमांची भीती पहिल्या दिवसापासून वाटायची, पण ती कुणाला सांगायची सोय नव्हती. समुद्राकाठच्या मुलीने कसलं भ्यायचं? दुपारी सगळं निजानीज झालं, वारा पडला, की ड्रममधून आवाज यायचे. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, टक्, कुणीतरी आतून नखाने ठोकल्यासारखं. काका म्हणाले, कसलीतरी कोळंबी असते, ती नांगी आपटते. मी मान डोलावली आणि त्या दिवसापासून आईने केलेलं सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचंच, आमटं माझ्या घशाखाली उतरेना. ताटात त्या लांब मिशा दिसायच्या. एकदा पांढऱ्या, मऊ केसांचा एक किडा माझ्या बोटाला नुसता लागला, तर बोटांत विस्तव शिरल्यासारखी आग झाली आणि ती दोन दिवस गेली नाही. मी खोबरेल लावत बसले. आईला वाटलं, मी विळीवर कापून घेतलं.

मला समजून घेणारी एकच व्यक्ती घरात होती, ती वयनी. तिचं नाव शुभांगी. तळेऱ्याची, शाळामास्तरांची मुलगी. लग्न होऊन सहा महिने झाले होते आणि दादा मुंबईत खोली मिळेपर्यंत तिला आमच्याकडे ठेवून गेला होता. तळेऱ्याला डोंगर, ओढे, एसटीचा धुरळा. समुद्र तिने लग्नाआधी दोनदाच पाहिला होता. आमच्याकडे आल्यावरही ती तो ओट्यावरूनच बघायची, पाय भिजवायला कधी गेली नाही. पण ड्रमपाशी मी बसले की ती कामं आटपून माझ्याजवळ येऊन बसायची. हातात निवडायला काहीतरी घेऊन यायची, कुळीथ नाहीतर उकडे तांदूळ, आणि माझ्याशी बोलत राहायची. टक् असा आवाज आला की दोघी एकदम गप्प व्हायचो आणि मग एकमेकींकडे बघून हसायचो. ते हसू खरं नसायचं.

मग तो दगड आला. मोठा, दोन हातांनी उचलावा लागणारा, आणि वरून सगळा तपकिरी बटणांनी भरलेला. शर्टाच्या बटणांएवढी मांसल गोल फुलं, प्रत्येकाला कडेने बारीक झालर, पाण्यात उघडलेली. हात लावला की मिटायची आणि चिकट पाणी सोडायची. काका त्यावर खूश होते. "ह्योच फातर पयलो जातलो. फुलां बघूनच गिराइक पिसाळतला." तिसऱ्या दिवशी दगड फिरवायला मी हात त्याच्या खाली घातला आणि माझ्या मनगटावरून काहीतरी सरकलं. गार आणि अनेक पायांचं. मी हात काढला नाही, काढता आलाच नाही. दगडाच्या खालच्या भोकातून ते बाहेर आलं, बोटाएवढं जाड, पाण्यावर रॉकेल सांडल्यावर दिसतात तसे रंग अंगावर, आणि डोक्याला पाच-सहा मिशा. हातभर बाहेर आलं तरी शेपूट आतच. त्याने त्या मिशांनी पाणी चाचपलं, माझा अंगठा चाचपला आणि दोरी ओढून घ्यावी तसं, घाई न करता, परत आत गेलं.

मी ओरडले की नाही ते आठवत नाही. काका आले, काठीने डिवचून पाहिलं, काही आलं नाही. "पानकिडो असतलो," ते म्हणाले. "तुका भय वाटला म्हणान तो मोठो दिसलो." आई म्हणाली, "बारावी तरी कर नीट." संध्याकाळी जेवताना मी शेवयांची खीर बाजूला सारली आणि वयनीने काही न विचारता माझी वाटी तिच्याकडे घेतली.

चार-पाच दिवसांनी काकांना होडीच्या इंजिनाच्या कामासाठी देवगडला जावं लागलं. परवा येतो म्हणाले, आणि आल्यावर तो बटणांचा दगड पॅक करायचा होता. त्याच्या खालच्या बाजूला काहीतरी पांढरं कुजायला लागलं होतं, ते साफ करून ठेव, असं मला सांगून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ड्रमजवळ जाऊन परत येत होते. झाप उचलायचा, पाण्यात बघायचं, झाप ठेवायचा. हात आत जातच नव्हता. जेवण झालं, आई माजघरात आडवी झाली, आणि मी वयनीला म्हटलं, "वयनी, तो फातर उकळूया."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काका गरम पाणी नको म्हणाले ना?"

"एकच फातर. किडो मरतलो, मगे घासून परत तळाक ठेवूया. कोणाक कळाचा नाय."

"फुलां पण मरतली."

"मेली तर मेली, कुजली म्हणान काकांक सांगूया. वयनी, माझो हात आत जायना."

तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग उठली, पदर खोचला, गोणपाट हाताला गुंडाळलं आणि ड्रममध्ये खांद्यापर्यंत हात घालून तो दगड तिने वर काढला. समुद्रात कधी पाऊल न घातलेल्या बाईने. दगडाच्या कडेला धारदार शिंपल्या होत्या. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरली. तिने ती झटकली आणि म्हणाली, "चल बेगीन."

न्हाणीत आंघोळीच्या पाण्याची चूल होती. कुणी बघू नये म्हणून आम्ही दाराला कडी घातली. खिडकी म्हणजे वितभर झरोका. मोठ्या अॅल्युमिनियमच्या टोपात दगड ठेवला, वर विहिरीचं पाणी ओतलं, खाली नारळाची सोडणं सारली. पाणी कोमट झालं तसा तो किडा बाहेर आला. सगळाच. मी कल्पना केली होती त्याच्या दुप्पट. तो पाण्यात वेटोळी घालू लागला, टोपाच्या कडेवर चढू लागला, आणि मी दाराकडे धावले. वयनीने झाकण घातलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. झाकण खडखडत होतं. "सुमा, लाकूड सार," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता, पण हात हलले नाहीत. मी लाकूड सारलं. मग हळूहळू खडखड थांबली आणि पाण्याचाच आवाज राहिला.

आधी कालवं उकडताना येतो तसा वास आला. मग तो बदलला. गंजक्या खिळ्याची चव जिभेवर यावी तसं काहीतरी, आणि डोळे चुरचुरायला लागले. न्हाणीत वाफच वाफ. आम्ही दगड बाहेर काढला आणि वयनी सुरीने ती मेलेली बटणं खरवडू लागली. मी वरून पाणी घालत होते. मधेच आईने दार वाजवलं. "काय गो शिजयतास दुपारचां?" मी कडी काढली. "चादरी उकळतंव, सोड्यात." आई आत डोकावली, वाफेचा लोट तिच्या तोंडावर गेला, ती खोकली. "कसलो सोडो ह्यो," म्हणत पदराने तोंड पुसत गेली. आम्ही दगड ड्रमच्या तळाशी ठेवला, टोप राखेने घासला, आणि ओट्यावर येऊन बसलो. मला अगदी हलकं वाटत होतं. चहा प्यायलो. तो चहा कडू लागला, हे दोघींनीही बोलून दाखवलं नाही.

चार वाजता वयनीला थंडी भरली. बाहेर अंग भाजेल असं ऊन होतं आणि ती दोन गोधड्यांखाली दात वाजवत होती. माझे ओठ बधिर झाले होते, भाजी आणायला गेलेली आई वाटेतच खोकत खाली बसली आणि शेजाऱ्यांनी तिला धरून आणलं. दिवे लागायच्या सुमाराला वयनीचा श्वास वाजायला लागला, सुकलेल्या नारळात पाणी हलावं तसा. तिची चिरलेली बोटं फुगली होती आणि मनगटापासून कोपरापर्यंत एक लाल रेघ चढली होती. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून आम्हा तिघींना मालवणला एका दवाखान्यात नेलं. रिक्षात वयनीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिने माझा हात पकडला आणि काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. जीभ वळत नव्हती. मला एवढंच कळलं, ती "आई" म्हणत होती, आणि कुणाची आई ते मला आजही सांगता येणार नाही.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "काल काय काय खाल्लंत?" आईने धापा टाकत सांगितलं, बांगड्याचं तिखलं आणि भात. डॉक्टरांनी मान हलवली. मासे बाधले असतील. मी शेजारच्या खाटेवर पडून छताकडे बघत होते. सांगायला हवं होतं. काकांनी नको म्हटलेलं केलं, आईशी खोटं बोलले, दगड मारला, आणि आता वयनी मरते आहे. एक सांगितलं की सगळंच सांगावं लागणार होतं. तेवढ्यात काका देवगडहून तसेच थेट आले. तिघींना बघून त्यांचा चेहरा काळवंडला. "बांगडे कोणाकडसून घेतलंस?" त्यांनी आईला विचारलं, आणि उत्तर ऐकून निघून गेले.

काशीमावशी आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून मासे घेऊन येत होती. काकांनी भर बाजारात तिची टोपली पालथी केली. ती बाई रडली नाही, भांडली नाही, तासाभराने दवाखान्यात आली आणि दाराशी उभी राहून आईला म्हणाली, "वयनीबाय, माजे बांगडे सकाळचे होते. तेच मी घरी खाल्लंय, माज्या नातवाक घातलंय." आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. काशीमावशीने मग माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली, संध्याकाळपर्यंत. तिच्याकडून आता कोण मासे घेणार होतं? हे सगळं मला कळत होतं. अठरा वर्षांच्या मुलीला कळत नाही असं नाही.

दुपारी वयनीचे वडील तळेऱ्याहून आले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. मुलीच्या पायाशी ते उभे राहिले आणि तिच्या नाकावरचा ऑक्सिजनचा मुखवटा बघत राहिले. डॉक्टर तिचा हात वर करून ती लाल रेघ बघत होते. "हे मासे खाऊन होत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "हिच्या हाताला काय लागलं?" कुणालाच माहीत नव्हतं. मास्तर माझ्या खाटेजवळ आले. त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला तो सहन झाला नाही. "सुमन, तुम्ही दोघी बरोबरच होतात ना, बाळ? काय झालं ते आठवून सांगशील?"

मी उठून बसले आणि म्हणाले, "वयनीने दगड उकळला. न्हाणीत. त्याच्यावरची फुलं खरवडली."

असंच म्हणाले. 'आम्ही' म्हणाले नाही, 'मी' तर नाहीच. बोलताना वाटलं होतं की सुरुवात तर होऊ दे, बाकीचं मागून सांगू. ते मागून सांगणं झालं नाही. डॉक्टरांनी भराभर प्रश्न विचारले, कसला दगड, कसली फुलं, किती वेळ, दार बंद होतं का. मग ते ऑफिसात गेले आणि समुद्रातल्या जीवांचा अभ्यास असलेल्या त्यांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना फोन लावायला लागले. फोन लागायला बराच वेळ गेला. परत आले तेव्हा त्यांनी दरवाजा लोटून घेतला. त्या तपकिरी फुलांत फार जहाल विष असतं, ते वाफेतून जातं, जखमेतून जातं. त्यावर उतारा नाही, हृदयावर आणि श्वासावर लक्ष ठेवायचं आणि शरीर ते बाहेर टाकेपर्यंत थांबायचं. आज माझी भाची फोनवर त्या विषाचं लांबलचक नाव वाचून दाखवते आणि म्हणते, आत्ये, तुम्ही तिघी वाचलात कशा? मी म्हणते, मी वाफेपासून दाराशी पळाले होते म्हणून मी वाचले.

बाजारातून परत आलेले काका हे ऐकून त्याच पावली घरी गेले. ओला पंचा तोंडाला बांधून त्यांनी न्हाणी धुतली, टोप आणि सुरी खड्डा खणून पुरली, आणि तिन्ही ड्रममधले सगळे दगड होडीत घालून जिथून काढले होते तिथे नेऊन सोडले. मुंबईच्या व्यापाऱ्याला त्यांनी पुन्हा कधी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि सगळ्यांच्या देखत काशीमावशीसमोर उकिडवे बसले. "माजी चूक झाली, काशी. बांगडे दी." त्यांनी ते तिथेच पिशवीत घेतले आणि येता-जाता प्रत्येकाला थांबवून दाखवले.

वयनीला श्वास नीट यायला आठ दिवस लागले. त्यातली चौथी सकाळ होती. मुखवटा काढला होता, मास्तर तिला चमच्याने पेज भरवत होते. मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते. "तू असं का केलंस गं?" त्यांनी विचारलं. तिने तोंडातली पेज गिळली. ती आता सांगेल, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर, तिने सांगू नये म्हणून मी देवाला विनवत होते. "भय वाटलां," ती म्हणाली. एवढंच. मास्तरांनी पुढचा चमचा भरला.

तिला माहेरी नेलं. ती परत आली ती शिमगा उलटल्यावर, बारीक होऊन. आईने तिला ओवाळून घरात घेतलं, पण चुलीजवळ जाऊ दिलं नाही. भात नको, चहा नको, आंघोळीचं पाणीसुद्धा नको. "तू बस," आई म्हणायची, त्यात माया नव्हती. दादाला पत्र गेलं होतं, त्याला रजा मिळाली नव्हती, मुंबईहून बाबांच्या बोटीवर निरोप गेला होता, सगळीकडे एकच गोष्ट पोचली होती. वयनी ओट्यावर बसून समुद्राकडे बघायची. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची, पण माझ्यासोबत कुठे येऊन बसत नसे. रोज सकाळी उठताना मी ठरवायची, आज सांगायचं. रोज दिवस मावळायचा.

एका सकाळी काशीमावशी खळ्यात टोपली उतरवून बसली होती. आई बांगडे उलटेपालटे करून बघत होती, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. वयनी आतून बाहेर आली आणि आई काशीमावशीला म्हणाली, "ह्याच ता आमचां शिकलेला रत्न. फातर शिजयता." काशीमावशी कसंनुसं हसली. वयनी उंबऱ्यातच थांबली. तिने आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. लांबून येणाऱ्या एसटीकडे माणूस बघतं तसं, येते की नाही, एवढंच.

"आई," मी म्हटलं, "फातर मी शिजयलंय. माज्याच डोक्यात इला ता. माजो हात ड्रमात जायना, म्हणान तिणां तो भायर काढल्यान. वाफेत ती उबी रवली. मी दाराकडे पळालंय."

तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर सांडत होतं.

"मगे इतके म्हयने गप कित्याक रवलंस?" आईने विचारलं.

"भियालंय."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, ओळख पटत नसल्यासारखी, आणि त्यानंतर कितीतरी महिने ती माझ्याकडे अशीच बघायची. काशीमावशीने मान खाली घातली आणि चांगले बांगडे निवडून बाजूला काढू लागली, मोठे, फुगीर, एकेक. आई उठली, आत गेली, विळी घेऊन आली आणि ती वयनीसमोर ठेवली. "शुभांगी," ती म्हणाली, आणि घसा साफ केला. "आजचे मासे तू कर."

वयनी खाली बसली. माफी, आभार, असलं काही तिने कुणाला म्हटलं नाही आणि कुणी तिला म्हटलं नाही. तिने पहिला बांगडा घेतला, विळीच्या पात्यावर धरला, पर छाटले, पोट फाडलं. दुसरा घेतला. मी तिच्यासमोर बसून धुवायला पाणी ओतत होते. तिसऱ्या बांगड्याला पाणी जरा जास्तच लाल झालं आणि मी तिचा हात बघितला. उजव्या हाताच्या त्या दोन बोटांवर विळीने खोल चीर गेली होती, रक्त मनगटापर्यंत आलं होतं, आणि काहीच न कळल्यासारखी ती चौथा बांगडा उचलत होती.

मी तिचा हात धरला आणि पाण्यात बुडवला. तिने चमकून आधी माझ्याकडे, मग हाताकडे पाहिलं.

"सोड," ती म्हणाली. "दुखत नाय गो माका."

मी सोडला नाही.